वेस, चावडी, मळा आणि शिंगाडे मॅडम

शिंगाडे मॅडमच्या खोलीत चपला घालून जायची सोय नव्हती. आमच्या बियाणे कंपनीचे मॅनेजर मुंदडा साहेबसुद्धा दारात एका हातानं चौकट धरून बूट काढायचे आणि म्हणायचे, "मॅडम, कोणत्या देवाची स्थापना केली आत?"

मॅडम मान वर न करता सांगायच्या, "देव न्हाई साहेब, पंखा हाय. पंखा धूळ ओढतो. आन् तुमच्या बुटाला गोडाऊनची धूळ हाय."

नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑफिस. खाली गोडाऊन, वर हिशेबाची आणि बुकिंगची टेबलं, आणि मागच्या बाजूला बियाण्याची उगवण तपासायची माझी प्रयोगशाळा. माझ्या आणि मॅडमच्या खोलीत एक पातळ भिंत होती. ओल्या कागदावर कापसाचं बी मांडत बसलो की पलीकडून त्यांचा आवाज यायचा. कोणाशी बोलत नसायच्या त्या. कॉम्प्युटरवर जी आज्ञा लिहिली असेल ती एन्टर दाबायच्या आधी मोठ्यानं वाचायच्या, अक्षर अन् अक्षर, मधल्या टिंबासकट. शाळेत पाढे म्हणतात तशा चालीत. वाचून झालं की क्षणभर शांतता आणि मग एन्टरचा खट्ट आवाज. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, बाई पोथी वाचत असाव्यात.

ठेंगण्या, सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. हनुवटीवर हिरवं गोंदण, चष्म्याच्या दांड्यांना दोरा, पदर कमरेला खोचलेला. गाव धावडा, भोकरदन तालुक्यातलं. घर मेंढपाळाचं. लहानपणी सुगी झाली की आईवडलांबरोबर मेंढ्यांमागं महिने महिने बाहेर असायच्या. पुढं शाळेसाठी पिंपळगाव रेणुकाईला आत्याकडे राहिल्या, आणि तिथून शिकत शिकत संभाजीनगरात कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं केलं. संसाराबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

त्या आल्या तेव्हा ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. कोणीतरी लग्नाचे फोटो बघायला पेन ड्राइव्ह लावला, त्यातून व्हायरस शिरला आणि हिशेबाच्या टेबलावरून चालत चालत थेट माझ्या प्रयोगशाळेत आला. एका हंगामाचे उगवणीचे सगळे फोटो गेले. मी डोकं धरून बसलेलो असताना भिंतीपलीकडून मॅडम आल्या, माझा कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाल्या, "अरुणभाऊ, हे पुन्हा होऊ द्यायचं न्हाई. तुमचा रस्ताच येगळा करते."

वेगळा रस्ता करायला तयार यंत्र मिळतं, पण मुंदडा साहेब त्या खर्चाला तयार होईनात. मॅडमनी हट्ट केला नाही. भंगारात काढलेला एक जुना कॉम्प्युटर मागितला, आणि दोन नेटवर्क कार्डं. आमच्यासारख्यांना तेव्हा नेटवर्क कार्ड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्या टोकाला तार घालायचं भोक. एक भोक त्या कॉम्प्युटरला मुळात होतं. दोन कार्डं आणखी बसवली की एकाच यंत्राला तीन तोंडं झाली. त्यावर त्यांनी लिनक्स चढवलं, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली.

ते नीट बसायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ मी भिंतीतून ऐकला. पहिल्यांदा त्यांनी दोन कार्डांना एकाच गल्लीतले पत्ते दिले. परिणाम असा की एका तारेनं विचारलं तर उत्तर भलत्याच तारेनं जायचं. दिवसभर "अगं बाई" आणि "असं कसं" चाललं होतं. संध्याकाळी त्या स्वतःच हसायला लागल्या. मला बोलावून दाखवलं, "हे बघा माझं शहाणपण. दोन घरं, एकच गल्ली. पोष्टमननं तरी काय करावं?" मग तिन्ही कार्डांना तीन वेगळ्या गल्ल्या दिल्या. एक तोंड बाहेरच्या इंटरनेटकडे, एक ऑफिसकडे, एक माझ्याकडे. बाहेर जायचा रस्ता मात्र एकाच कार्डावर ठेवला. "बाहेर पडायची वाट एकच असावी," त्या म्हणाल्या, "न्हाईतर मशीन येड्यासारखं दोन्हीकडं पळतं."

त्यांचे वडील आले ते याच सुमारास. भिवाआबा. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आलेले, दुपारी घरी एकट्याला करमेना म्हणून मॅडम त्यांना ऑफिसात घेऊन आल्या. लाल पटका, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात लोकर कातायची चाती. चपला दारात काढून आबा खुर्चीवर मांडी घालून बसले आणि सूत कातत कातत त्या यंत्राकडे बघत राहिले.

"हे लुकलुकून राह्यलं ते काय हाय गं?"

"ते बोलून राह्यलेत आबा, एकमेकाशी."

"मंग ऐकू कामून येत न्हाई?"

"आपल्याशी बोलत न्हाईत ना."

आबांना ते पटलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तीन तारा सारख्याच दिसतेत. अंधारात हात घातला तर कोणती कोणाची कसं कळंल तुला?"

मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या चिकटवते. आबांनी चिठ्ठीची वाट बघितली नाही. पिशवीतून लोकर काढली आणि एका तारेला काळी गाठ मारली, दुसरीला पांढरी. तिसऱ्या तारेसाठी पिशवीत रंग नव्हता, तर पटक्याच्या टोकाचा धागा उसवून तिला लाल गाठ मारली. जाता जाता प्रत्येक गाठ ओढून बघितली. त्या गाठी पुढं कधी सुटल्या नाहीत.

पण खरा गोंधळ तारांचा नव्हता, नावांचा होता. लिनक्स त्या कार्डांना आपल्या मनानं नावं द्यायचं: पहिलं, दुसरं, तिसरं. यंत्र सुरू होताना जे आधी सापडेल ते पहिलं. एकदा भर हंगामात वीज गेली, बॅटरीही संपली, आणि वीज परत आल्यावर यंत्र उठलं ते वेगळ्याच क्रमानं. काल जे पहिलं होतं ते आज तिसरं. ऑफिसचं बुकिंग बंद पडलं, आणि माझ्या प्रयोगशाळेची तार बाहेरच्या जगाला उघडी पडली.

डिस्पॅचचे सलीमभाई जिन्यातूनच ओरडत आले, "मॅडम, नेट फिर गया! ट्रक खडा है नीचे!"

मॅडमची एक ठरलेली ओळ होती: "आधी तार, मंग अक्कल." त्यांनी पहिल्यांदा माझी तार उपटली, म्हणजे निदान नुकसान तरी थांबावं. मग यंत्र उघडलं. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर टाकलेला असतो, तो कधी बदलत नाही. मुंगीएवढी अक्षरं. मी टॉर्च धरला, त्या वाचत गेल्या, मी मागोमाग म्हणत गेलो. मग त्यांनी यंत्राला सांगून टाकलं की क्रमाचं विसर, अमुक नंबरचं कार्ड दिसलं की त्याचं नाव हे.

"पहिली, दुसरी असं नाव ठेवलं की असंच होणार," त्या पुटपुटत होत्या. "आमच्या आबानं एका मेंढीला कधी पहिली-दुसरी म्हणलं न्हाई. प्रत्येकीला तिचं तिचं नाव."

बाहेरच्या कार्डाचं नाव त्यांनी ठेवलं वेस. ऑफिसचं चावडी. माझं मळा. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण यंत्र ती नावं घ्यायचं आणि पडद्यावर दाखवायचं. त्या दिवसापासून ऑफिसची भाषाच बदलली. इंटरनेट अडलं की सलीमभाई विचारायचे, "मॅडम, वेस बंद है क्या?" आणि मुंदडा साहेब संभाजीनगरहून आलेल्या पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे, "आमच्याकडे चावडी चालू आहे, काळजी नाही." पाहुणे गोंधळून बघत राहायचे.

पुढं वर्षं गेली. मॅडमच्या खोलीत आणखी यंत्रं आली, पण ते जुनं तीन तोंडांचं यंत्र चालूच राहिलं. आणि मग आबा आजारी पडले.

छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आबांना धावड्यालाच जायचं होतं. मॅडम रजा टाकून त्यांच्यासोबत गेल्या, जाताना लॅपटॉप घेऊन गेल्या. दिवस पेरणीचे. जिल्ह्याजिल्ह्यातून डीलर लोकांचं बुकिंग येत होतं आणि इंटरनेटची एकच लाइन सारखी दगा देत होती. साहेबांनी दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायचं ठरवलं. त्यासाठी जुन्या यंत्रात चौथं कार्ड घालावं लागणार होतं. मॅडमनी फोनवर सांगितलं तसं ते मी बसवलं आणि नवी तार जोडली. बाकीचं मॅडम धावड्याहून करणार होत्या.

धावड्याला त्यांच्या घरात मोबाइलची रेंज नव्हती. म्हणून त्या माळवदावर जाऊन, लॅपटॉप कठड्यावर ठेवून काम करायच्या, खाली आबांची खाट. ती सकाळ मला आठवते ती आवाजावरून. ऑफिसात पन्नास बोटं कीबोर्डवर चाललेली, आणि एका क्षणी सगळी थांबली.

मग माझा फोन वाजला.

"अरुणभाऊ," मॅडमचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्याच हातानं मी दार लावून घेतलं."

झालं होतं असं की चौथ्या कार्डाला पत्ता देताना त्यांनी एक ओळ जास्त लिहिली होती: बाहेर जायचा रस्ता हा. नवी लाइन अजून त्या कंपनीनं सुरूच केलेली नव्हती. पण यंत्रानं सांगितलेलं ऐकलं आणि सगळं काही त्या मुक्या तारेकडे ढकलायला लागलं. ऑफिसचं बुकिंग त्यातच गेलं आणि मॅडमना मिळणारी उत्तरंही त्यातच गेली. धावड्याहून आता त्यांना त्या यंत्रापर्यंत पोहोचायचा मार्ग उरला नव्हता. आयुष्यभर प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचणाऱ्या बाईंनी ही ओळ वाचली नव्हती. खाली आबा झोपलेले होते, आवाज करायचा नव्हता, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

मुंदडा साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी जीप पाठवतो. भोकरदनपर्यंत तुम्ही या, तिथून जीप तुम्हाला घेईल."

"न्हाई साहेब."

"काय नाही?"

"आबाचा श्वास बराबर न्हाई. मी उठणार न्हाई इथून."

"अहो, पेरणीचे दिवस आहेत. सगळं बुकिंग बंद आहे. लोक दुसऱ्या कंपनीकडे जातील. याची जबाबदारी कोणाची?"

"माझी. चूक माझी हाय, बिलकुल माझी. नोकरीवरून काढायचं तर काढा, मी एक शब्द बोलणार न्हाई. पन मी येणार न्हाई. फोन अरुणभाऊंना द्या."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना असं उत्तर ऐकायची सवय नव्हती, आणि मॅडमना असं उत्तर द्यायची. फोन माझ्या हातात देऊन ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"यंत्रासमोर जा," मॅडम म्हणाल्या. "मागं चार तारा हायेत. दिसल्या?"

"दिसल्या."

"कोणत्या तारेला लोकर न्हाई?"

तेवढ्यात रेंज गेली. फोन मेला. मी यंत्रामागं गुडघ्यांवर बसलेलो, सलीमभाई दारात चपला हातात घेऊन उभे, आणि सगळं ऑफिस त्यांच्या मागं. काळी, पांढरी, लाल. चौथी तार नवी कोरी, निळी, बिनगाठीची. पुढं काय करायचं ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. उपटू की नको? पुन्हा फोन लावला, लागेना. शेवटी त्यांचीच ओळ आठवून मी ती निळी तार उपटली.

काही झालं नाही. मग पडद्यावर दोनचार ओळी सरकल्या. मग बाहेरच्या खोलीतून कोणाच्या तरी कॉम्प्युटरचा टिंग आवाज आला, मागोमाग दुसऱ्याचा. चौथी तार गेल्याबरोबर यंत्रानं जुना रस्ता धरला होता.

"आया!" सलीमभाई ओरडले, "वेस खुल गई!"

त्याच वेळी फोन वाजला. मी उचलला तेव्हा सलीमभाई अजून ओरडतच होते, ते मॅडमनी ऐकलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी आता आबाला पानी पाजते."

त्याच आठवड्यात आबा गेले. मी आणि सलीमभाई धावड्याला गेलो. अंगणात भाऊबंद बसलेले, मागच्या मेंढवाड्यात मेंढ्या ओरडत होत्या. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या, चष्मा मांडीवर. आम्ही शेजारी टेकलो. त्या म्हणाल्या, "परवा शुद्धीवर आल्ते. इचारलं, तुझी ती यंत्रं बोलून राह्यली का अजून? म्हणलं, बोलून राह्यलेत आबा. मंग बरं, म्हणले." सलीमभाईंनी तोंड फिरवलं. मॅडमनी चष्मा घातला आणि आमच्यासाठी चहा ठेवायला कोणाला तरी हाक मारली.

कामावर परत आल्या त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब तोवर निवळले होते. गडबड इंटरनेट कंपनीच्या लाइनमुळे झाली, असं त्यांनी वरच्या लोकांना कळवलंही होतं, आणि तेच त्यांनी सभेत सांगायला सुरुवात केली. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, माफ करा. त्या लोकांवर घालू नका. लाइन चालू न्हाई हे मला माहीत होतं. ओळ मीच चुकीची लिहिली."

साहेबांना तो विषय मिटवायचा होता, म्हणजे एका अर्थी मॅडमनाच वाचवायचं होतं. मॅडमना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी फळ्यावर चार रेघा काढल्या, ती ओळ लिहिली, ती का चुकली ते समजावलं, आणि नवा नियम सांगितला: लांबून अशा यंत्राला हात लावायचा तर आधी त्याला सांगून ठेवायचं की थोड्या वेळात माझा निरोप आला नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. "जायच्या आधी परत यायची सोय करायची," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. साहेबांनी वरच्या लोकांना पुन्हा कळवलं की नाही ते मला माहीत नाही. मॅडमची नोकरी मात्र राहिली.

चौथं कार्ड त्यांनी नंतर नीट लावलं. नाव ठेवलं आडवाट. वेस बंद पडली तरच त्या रस्त्यानं जायचं, अशी व्यवस्था केली. तारेला खूण म्हणून दवाखान्यातली पांढरी पट्टी गुंडाळली. मी विचारलं, लोकर नाही का? "आणनार कोण आता?" एवढंच म्हणाल्या आणि कात्रीनं पट्टीचं टोक कापलं.

त्यानंतर वर्षभरानं त्यांनी राजीनामा दिला. भोकरदनच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती, पगार इथल्यापेक्षा कमी. साहेबांनी बरीच समजूत घातली. मॅडम म्हणाल्या, आई धावड्याला एकटी आहे, रोज जाऊनयेऊन करीन. निरोपसमारंभ करू दिला नाही. शेवटच्या दिवशी आपल्या खोलीची फरशी त्यांनी स्वतः पुसली आणि दारात चपला घालून, मागं न बघता जिना उतरल्या. भिंतीपलीकडचं वाचन बंद झालं, आणि मला कित्येक दिवस बी मांडताना चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. मीही आता कधी कधी फोटोच्या फाइलचं नाव मोठ्यानं वाचतो. माझ्या हाताखालच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात.

आता ऑफिसात भिंतीवर एक पांढरी डबी आहे. ती सगळं स्वतःच करते. तिला नावं लागत नाहीत, आणि खोलीत लोक बूट घालून जातात.

मॅडमना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, गेल्या हिवाळ्यात. पिंपळगाव रेणुकाईकडे आमच्या बीजोत्पादनाच्या शेतांची पाहणी होती, जाताना भोकरदनला चहाला थांबलो. समोर बसस्टँड. धावड्याची एसटी लागलेली, आणि दारात मॅडम. केस बरेच पिकलेले. दोन्ही हातांत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड, चौकोनी. गोधडीच्या कोपऱ्यातून वायर लोंबत होती. कॉलेजानं काढून टाकलेला कॉम्प्युटर असणार, गावच्या शाळेसाठी चाललेला.

कंडक्टर वाट अडवून उभा होता. "मावशी, टपावर टाका ते. आत गर्दी हाय."

"टपावर? हादऱ्यानं मरंल ते."

"मंग तिकीट लागंल त्याचं."

"काढा की. मला अर्धं हाय, त्यालाबी अर्धं काढा. गप बसनार हाय ते, कोणाच्या मधी बोलनार न्हाई."

आतले लोक हसले, कंडक्टरही हसला आणि बाजूला झाला. कोणीतरी उठून त्यांना खिडकीची जागा दिली. मॅडमनी ती जागा त्या गाठोड्याला दिली आणि स्वतः कडेला बसल्या.

रस्ता ओलांडून जावं असं मनात आलं, पण गाडी सुरू झाली होती. मी फोन लावला. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी पिशवीकडे बघितलं, फोन वाजत होता तिकडे. एक हात गोधडीखाली, एक वरून घट्ट धरलेला. कोणता सोडावा असा क्षणभर विचार केला असावा. मग त्यांनी मान पुढं वळवली, आणि एसटी हादरत, धूळ उडवत स्टँडबाहेर पडली.

मी रिंग पूर्ण वाजू दिली.